गाडी खरंच किती देते? शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज मोजायची आणि वाढवायची रीत

"किती देती?" या प्रश्नाला मी चार वर्षं "पासष्ट" असं उत्तर देत होतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपला मी क्वालिटीत आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. जॉब दोन शतांश मिलिमीटर जास्त भरला तरी परत पाठवायचा, हे माझं काम. पण स्वतःच्या गाडीचा आकडा मात्र शोरूममध्ये ऐकला तोच पुढे ढकलत होतो. एका मार्चएंडला बायकोनं घरखर्चाची वही काढली, पेट्रोलच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पासष्ट देती म्हणताय, मग हे पेट्रोल पितंय कोण?" तेव्हा पहिल्यांदा नीट मोजलं. ५२ आलं.

पुढच्या तीन महिन्यांत ते ६१ वर गेलं. इंजिन उघडलं नाही. खर्च झाला तो हवेचा एक गेज, एक स्पार्क प्लग, एक एअर फिल्टर आणि चेनसाठी थोडं नव्वद नंबरचं गिअर ऑइल, एवढ्याचाच. ज्या क्रमानं हे केलं त्याच क्रमानं इथं सांगतो. माझी गाडी ९७ सीसीची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे हवेच्या ओढीनं पेट्रोल मिसळणारी; भावाकडे बीएस-सिक्सची इंजेक्शनवाली, म्हणजे सेन्सर बघून पेट्रोल सोडणारी आहे. दोन्हींवर हात बसलाय, म्हणून दोन्हींचं लिहितो.

आधी मोजा, पाना नंतर हातात घ्या

आपल्याकडची मोजायची पद्धत ठरलेली आहे. गाडी रिझर्व्हला आली की शंभर रुपयांचं पेट्रोल टाकायचं, परत रिझर्व्हला येईपर्यंत किती किलोमीटर झाले ते बघायचं. ही पद्धत सोडून द्या. रिझर्व्हला गाडी नेमकी कधी येते हे रस्त्याच्या उतारावर, गाडी कशी झुकली होती त्यावर ठरतं. त्यात शंभर मिलीचा फरक सहज पडतो. एक लिटर पेट्रोलवर शंभर मिली इकडंतिकडं झालं, की साठ देणारी गाडी वहीत कधी ५४ दिसते, तर कधी ६६. मग माणूस उगीच खूश होतो, नाहीतर उगीच गॅरेजला जातो.

खरी रीत टाकी ते टाकी.

पंपावर गाडी मेन स्टँडवर उभी करा. साइड स्टँडवर टाकी तिरकी होते आणि तेवढं पेट्रोल कमी-जास्त बसतं. टाकीच्या तोंडात आत जी कड दिसते, तिच्या खालपर्यंत भरून घ्या. वर गळ्यापर्यंत नको, उन्हात पेट्रोल फुगायला जागा हवी. किलोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मग नेहमीसारखी गाडी चालवा. मुद्दाम जपून चालवू नका, नाहीतर मोजमाप गाडीचं न होता तुमच्या संयमाचं होईल. निदान सहा-सात लिटर संपले की त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, परत त्याच खुणेपर्यंत भरा. धावलेले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर.

माझी पहिली नोंद: ३६४ किलोमीटर, ७ लिटर, म्हणजे ५२. इथं शंभर मिलीची चूक झाली असती तरी आकडा एकानंसुद्धा हलला नसता. मोठ्या मापावर चूक लहान होते. हे कामावर रोज बघूनही माझ्या डोक्यात यायला चार वर्षं लागली.

आता मीटर खरा आहे का तेही बघा. पुणे-बेंगळुरू हायवेवर किलोमीटरचे दगड आहेत. कागलच्या दिशेला रविवारी सकाळी जा आणि दहा दगडांचं अंतर मीटरवर ताडून बघा. मोबाइलच्या जीपीएसवरही चालतं. माझा मीटर दहाला १०.२ दाखवतो. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, चाक जास्त फेरे घेतं आणि मीटर तेवढा पुढे पळतो. मीटर जितका जास्त पळतो, तितकं अ‍ॅव्हरेजही खोटं वाढतं.

असे दोन पूर्ण टाकीचे आकडे आल्याशिवाय पुढं जाऊ नका. आणि त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. हवा, चेन, प्लग आणि ऑइल एकाच दिवशी केलं, तर गुण कशाचा आला हे कधीच कळत नाही.

किती वाढलं तर किती वाचतं

इथं एक गंमत आहे. महिन्याला १००० किलोमीटर गाडी फिरते असं धरू, आणि हिशेबाला पेट्रोल १०५ रुपये लिटर. ५० देणारी गाडी २० लिटर पिते. ती ६० वर आली तर १६.७ लिटर लागतं, म्हणजे महिन्याचे साडेतीनशे रुपये वाचले. तीच ६० वरून ७० वर नेली, तर लागतं १४.३ लिटर आणि वाचतात अडीचशे. दोन्हीकडे दहानेच वाढ, पण पहिल्या दहाची किंमत जास्त. म्हणून ज्याची गाडी ४५ देते त्यानं आजच हात लावावा. ज्याची ६५ देते त्यानं ७२ च्या मागं लागून रविवार घालवू नये. पैजेसाठी करायचं असेल तर गोष्ट वेगळी, कोल्हापुरात पैजेला कारण लागत नाही.

कंपनीचा आकडा ठरावीक चाचणीत, ठरावीक पद्धतीनं गाडी चालवून काढलेला असतो. त्यात महाद्वार रोडची गर्दी नसते आणि मागं बसलेली मावशीही नसते. दोन गाड्यांची तुलना करायला तो बरा, स्वतःच्या गाडीकडून तेवढाच मागायला मात्र नाही.

चाक मोकळं फिरतं का?

बहुतेकजण सुरुवात इंजिनापासून करतात. मी सांगेन, खाली वाकून चाकं बघा. माझे नऊपैकी निम्म्याहून जास्त किलोमीटर चाकांतच सापडले.

गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलला टाका आणि मागचं चाक हातानं जोरात फिरवा. माझं चाक अर्धा फेरा मारून थांबलं. कान जवळ नेला तर "खर्र… खर्र…" असा आवाज, एका फेऱ्यात एकदा जास्त. ब्रेकचे शूज, म्हणजे ब्रेक धरणाऱ्या पट्ट्या, चाकाच्या मधल्या ड्रमला घासत होते. आधीच्या पावसाळ्यानंतर ब्रेक कमी लागतो म्हणून एका गॅरेजात दाखवलं होतं, त्यांनी मागचा नट गच्च आवळून दिला होता. ब्रेक झकास लागत होता. प्रश्न एवढाच की तो सुटतच नव्हता, आणि मी सात-आठ महिने रोज सव्वीस किलोमीटर ब्रेक दाबून गाडी चालवत होतो.

दुरुस्ती अशी. ब्रेक रॉडच्या टोकाचा नट एकेक फेरा सैल करत चाक फिरवत राहा, घासण्याचा आवाज गेला की थांबा. आता पायानं पेडल दाबा. पेडलला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल हवी, त्यानंतर ब्रेक धरायला हवा. नंतर ब्रेकलाइट वेळेवर लागतो का बघा, कारण पेडल हललं की स्विचचं गणितही हलतं. नट सैल करूनही घासत असेल, तर ड्रमवरची ब्रेकची छोटी दांडी परत येत नसणार. तिच्या कॅमला गंज आणि चिखल धरलेला असतो. चाक खोलून कॅम साफ करून त्याला नखभर ग्रीस लावावं लागतं. ते मिस्त्रीकडून करून घ्या. शूजना ग्रीसचा हात लागला तर ब्रेकच जातो.

रस्त्यावरची परीक्षा याहून सोपी. शक्यतो ब्रेक न लावता सात-आठ किलोमीटर जा, थांबा, ड्रमजवळ हात न्या. आधी नुसती धग बघा, मग हलकेच बोट लावा. ड्रम चांगलाच तापलेला असेल तर तुमचं पेट्रोल तिथं जळतंय. पुढं डिस्क असेल तर तेच तिथं. कॅलिपरच्या पिना अडकल्या की पॅड डिस्कला चिकटून राहतात. आणि एक सवय तपासा: चालवताना उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर टेकलेला असतो का? आमच्या शिफ्टमधल्या एकाच्या गाडीचा ब्रेकलाइट गेटपासून घरापर्यंत पेटलेला असायचा. त्याला ते पटलंच नव्हतं, शेवटी मागून व्हिडिओ काढून दाखवला.

हवेचं सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बघत नाही. ट्यूब असो वा ट्यूबलेस, हवा आपोआप थोडी थोडी कमी होतेच. पंधरा दिवसांतून एकदा बघा, सकाळी, टायर थंड असताना. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय सांगितलेलं असतं, मागं कोणी बसणार असेल तर मागच्याला याहून जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर मिळेल. स्वतःचा गेज घ्या. मी दोन ठिकाणी एकाच टायरची हवा बघितली, तर आकड्यांत पाचचा फरक निघाला. पेट्रोलपंपावर हवा फुकट असते, मागायला लाजू नका. अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून टायर दगडासारखा फुगवूही नका. आषाढात ओल्या डांबरावर तो पकड सोडतो आणि वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पैसे प्लास्टरला जातात.

मागं रुंद टायर टाकायची पोरांना हौस. गाडी दिसायला भारी दिसते खरी, पण वजन वाढतं, रस्त्याला घासणारी रुंदी वाढते. अ‍ॅव्हरेज पाहिजे असेल तर कंपनीनं दिलेलीच साइज.

चेनचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं चेनला ग्रीस थापायची फार वाईट पद्धत आहे. ग्रीस चेनच्या बाहेर बसतं, पिनेपर्यंत पोचत नाही आणि धूळ धरून ठेवतं. मग त्याची कानस होते. चेन आणि सॉकेट (स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक) दोन्ही खाते. चेन सुती फडक्याला रॉकेल किंवा डिझेल लावून पुसा, कोरडी होऊ द्या, मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल ऑइलकॅननं आतल्या बाजूला कड्याकड्यावर सोडा. चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये टाकून चेनला ऑइल सोडणारे मी बघितलेत, आणि त्यातल्या एकाचं बोटही बघितलंय. ऑइल रात्री सोडलं तर सकाळपर्यंत मुरतं. जास्तीचं पुसून काढा.

मग ताण बघा. चेनकव्हरला जी रबरी टोपी असते ती काढली की बोट आत जातं. मधोमध चेन वर-खाली साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. नेमकं माप पुस्तिकेत. एकाच जागी बघून थांबू नका, चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघा. जुनी चेन एका ठिकाणी सैल आणि दुसऱ्या ठिकाणी ताठ लागते. तशी असेल तर तिचं आयुष्य संपलं, सॉकेटसकट सेट बदला. चेन ओढताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या रेघेवर आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी टायर घासत चालते. सैल चेनपेक्षा ताठ चेन जास्त पेट्रोल खाते, बेअरिंगही खाते. हे माझ्या अनुभवाचं.

एवढं करून मी परत टाकी ते टाकी मोजलं. ५७ आलं.

इंजिन: पाहायचं काय आणि सोडायचं काय

आमच्या दाजींची गाडी अचानक चाळीसवर आली. दाजी बँकेतले, हिशेबाला पक्के. रिझर्व्हची पद्धत असली तरी पंधराचा फरक त्यांना जाणवला. मी विचारलं, "दाजी, चोक बघितला का?" म्हणाले, "चोकचं काय बघायचं, गाडी एका किकला चालू होतीय की!" तीच तर खूण होती. थंड इंजिन सुरू व्हायला चोक पेट्रोलचं प्रमाण वाढवतो; त्याची केबल गंजून अर्ध्यात अडकलेली, दांडा खाली आलेला दिसायचा पण आत चोक ओढलेलाच. प्लग काढला तर काजळीनं काळाकुट्ट. केबल बदलली, प्लग साफ केला आणि काम झालं. कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर सकाळी चोक ओढला की अर्ध्या-एक मिनिटात परत टाकायचा, आणि महिन्यातून एकदा तो खरंच बंद होतो का हे बघायचं.

प्लग हा इंजिनाचा रिपोर्ट आहे. टोक फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचं असेल तर इंजिन नीट जळतंय. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरं फटक म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. ओलं आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. मग अ‍ॅव्हरेज विसरा, आधी मिस्त्री गाठा. हे बघायचं ते दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर, इंजिन निवल्यावर. प्लगची फट पुस्तिकेतल्या मापावर फिलर गेजनं (फट मोजायच्या पात्यांनी) लावा, डोळ्यानं नको. प्लग परत बसवताना आधी हातानं फिरवा. सुरुवातीलाच पाना लावला आणि आटा बिघडला, की हेड उतरवावं लागतं.

एअर फिल्टर फोमचा असेल तर धुता येतो. पण आताच्या बऱ्याच गाड्यांत ऑइल लावलेला कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, हवेनं मारायचाही नाही. प्रेशरनं मारलं की ऑइल उडतं, कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा, आणि एमआयडीसीच्या, उसाच्या ट्रॅक्टरच्या धुळीत रोज गाडी असेल तर त्याआधीच. तुंबलेल्या फिल्टरचा त्रास कार्ब्युरेटरला जास्त. हवा कमी आत येते, पेट्रोल तेवढंच ओढलं जातं. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरवर पेट्रोल जुळवून घेते, पण ताकद कमी होते आणि मनगट आपोआप जास्त पिळलं जातं.

टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग. ते फार आवळलेले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत, दाब निसटतो. "टकटक आवाज नको" म्हणून टॅपेट घट्ट करून घेणारे गिऱ्हाईक पुष्कळ. थोडा आवाज चालतो. सेटिंग थंड इंजिनावरच व्हायला हवं, गरम गाडी गॅरेजला लावून लगेच करून घेऊ नका.

इंजिन ऑइलच्या डब्यावर तो आकडा असतो, १०डब्ल्यू३० किंवा २०डब्ल्यू४० वगैरे, तो पुस्तिकेतल्याशी जुळवा. जाड ऑइल टाकलं की इंजिनाला स्वतःला फिरवायलाच जास्त ताकद लागते. एका गॅरेजात सगळ्या गाड्यांना एकाच ड्रममधून ऑइल सोडताना बघितलं, तेव्हापासून डबा मी स्वतः घेऊन जातो.

"अ‍ॅव्हरेज काढून देतो" असं म्हणून कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवणाऱ्यांपासून सावध राहा. मिश्रणातलं पेट्रोल कमी केलं की सुरुवातीला आकडा दोन-तीननं वाढल्यासारखा दिसतो. मग गाडी चढाला दम टाकते, सकाळी किकांवर किका मारायला लावते, रेस दिल्यावर अडखळते, आणि ती खेचायला तुम्ही एक्सिलेटर जास्त देता. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री अशा गाडीला "उपाशी ठेवलेली" म्हणतात. आयडलिंग, म्हणजे एक्सिलेटर सोडलेला असतानाचं इंजिनाचं फिरणं, मात्र जास्त असेल तर ते कमी करून घ्या, सिग्नलला गाडी विनाकारण भुरभुरत राहते.

इंजेक्शनवाल्या गाडीला स्क्रूचा प्रश्नच नाही. तिथं मीटरमधला पिवळा इंजिनाचा दिवा बघायचा. तो चालताना पेटून राहिला किंवा लुकलुकला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. ऑक्सिजन सेन्सर किंवा तापमानाचा सेन्सर बिघडला की गाडी चालते नीट, पण पेट्रोल अंदाजानं, जरा जास्तच सोडत राहते. वॉशिंगला प्रेशरचं पाणी वायरींच्या जोडांवर मारू देऊ नका.

मनगट

फुलेवाडीतून निघून रंकाळ्याकडेनं शहरात, दसरा चौक, तिथून ताराराणी चौक, पंचगंगेचा पूल आणि शिरोली, असा माझा रोजचा रस्ता. याच रस्त्यावर दोन माणसं एकाच गाडीवर दहाचा फरक पाडू शकतात.

पहिलं, वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. चाळीसवरून साठवर गेलात तर वेग दीडपट, अडथळा सव्वादोनपट. ऐंशीवर गेलात तर चौपट. शंभर सीसीच्या गाडीवर आपण ताठ बसतो, छाती म्हणजे शीडच. साठच्या पुढं इंजिनाची निम्म्याहून जास्त ताकद नुसती हवा फाडण्यात जाते. पुलापासून एमआयडीसीपर्यंत मी सत्तरनं जायचो, आता पन्नासनं जातो. चार किलोमीटरला दीड मिनिटाच्या आतबाहेर फरक पडतो. हायवेला मात्र डावी कड धरा आणि आरसा बघत राहा. हळू चालणाऱ्याला मागचा ट्रक दिसलाच पाहिजे.

गिअरचं असं की, लवकर वरचा गिअर टाकणं बरं, पण इंजिन गुदमरेपर्यंत नको. तीसच्या वेगात चौथ्या गिअरमध्ये गाडी धडधडत असेल आणि एक्सिलेटर पिळूनही उचलत नसेल, तर तिसरा टाका. चौथ्यात घुसमटत ओढण्यापेक्षा तिसऱ्यात हलक्या हातानं जाणं केव्हाही स्वस्त. हॅंडलची थरथर आणि इंजिनाचा आवाज महिनाभर ऐका. नंतर मीटर बघायची गरज राहत नाही.

गर्दीत अर्धा क्लच धरून सरकत राहायची सवय सगळ्यात महाग. क्लच प्लेटा घासतात, इंजिन फिरतं, चाक तेवढं फिरत नाही. पुढं थोडी जागा होऊ द्या, मग पहिल्यात क्लच पूर्ण सोडून जा. लिव्हरच्या टोकाला एक-दीड सेंटिमीटर मोकळी चाल नसेल, तर तुम्ही न धरताही क्लच थोडा धरलेलाच असतो.

दसरा चौकात सिग्नलचे आकडे दिसतात तिथं अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर बंद करा. काही गाड्यांत न्यूट्रलला गाडी आपोआप बंद होऊन क्लच दाबला की चालू होते, ती सोय बटण दाबून बंद करून ठेवू नका. पण याहून जास्त फायदा लांबून सिग्नल बघण्यात आहे. पुढं लाल दिसतोय आणि आपण ताणून जाऊन ब्रेक मारतोय, म्हणजे आत्ताच जाळलेलं पेट्रोल शूजवर घासून टाकतोय. लांबूनच एक्सिलेटर सोडा. पुष्कळदा पोचेपर्यंत हिरवा होतो आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्यातच निघून जाते.

आता पन्हाळा आणि जोतिबा. वाघबीळपासून चढाला लागलं की खालच्या गिअरची लाज बाळगू नका. दोघं बसलेली गाडी शंभर मीटर उंच न्यायची तर ढोबळ हिशेबानं सपाटीपेक्षा तीस-चाळीस मिली पेट्रोल जास्त लागतं, ते कोणालाच चुकत नाही. चूक होते ती उतरताना. इंजिन बंद करून, न्यूट्रलला टाकून घाट उतरायचा आणि खाली येऊन "दहा किलोमीटर फुकटात आलो" म्हणायचं, ही आपली जुनी खोड. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापले की ब्रेक पकडत नाहीत, आणि वळणावर समोरून एसटी येते. इंजेक्शनवाल्या गाडीत तर याचा उपयोगही नाही. गिअरमध्ये ठेवून एक्सिलेटर पूर्ण सोडला की बहुतेक गाड्या पेट्रोल सोडणंच थांबवतात, चाकच इंजिनाला फिरवतं. उलट चालू इंजिनावर न्यूट्रल केलं की आयडलिंगपुरतं पेट्रोल चालूच राहतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत उतारावर थोडं पेट्रोल जातं, जाऊ द्या. चहाच्या एका घोटाएवढंही नाही ते.

पेट्रोलचं काय

आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून ऊर्जेच्या हिशेबानं हे पेट्रोल शुद्ध पेट्रोलपेक्षा सातेक टक्क्यांनी आणि आधीच्या दहा टक्के मिश्रणापेक्षा साडेतीनेक टक्क्यांनी कमी पडतं. साठ देणाऱ्या गाडीचे दोनेक किलोमीटर तिथंच गेले. ते गॅरेजमध्ये सापडणार नाहीत. इथेनॉल आपल्याच उसाच्या मळीतून, रसातूनही बनतं, म्हणून ऊसवाला आणि गाडीवाला एकाच घरात असेल तर जेवताना वाद ठरलेला. आमच्याकडं तो दर गळीत हंगामात होतो.

आपल्या पावसाळ्यात एक काळजी जास्त घ्यायची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. नेमकं तिथूनच इंजिनाला पेट्रोल जातं. टाकीच्या टोपीचं रबर चिरलेलं असेल तर बदला, टोपीभोवती पाणी वाहून जायचं भोक असतं ते काडीनं मोकळं करा, आणि गाडी रात्रभर पावसात उभी राहणार असेल तर टाकीवर कव्हर टाका. जुन्या कार्ब्युरेटर गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा दाबून बघा. फुगलेली, चिकट झालेली नळी लगेच बदला.

पंपावर शून्य बघून घ्या हे सांगायला नको. मापाची खरंच शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात भरून दाखवा म्हणायचा गिऱ्हाईकाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. मी एकदा मागितलं. मागचे चार जण चिडले, माप बरोबर निघालं, आणि मी मुकाट्यानं घरी येऊन ब्रेक सैल केला.

पहाटे भरलं तर पेट्रोल जास्त बसतं, हे सोडा. टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. महागड्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचा या साध्या इंजिनांना अ‍ॅव्हरेजसाठी उपयोग नाही. पेट्रोलच्या नळीला बांधायचं लोहचुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर एक ओळही खर्च करत नाही.

वही मात्र चालू ठेवा. तारीख, किलोमीटर, लिटर, आकडा आणि शेवटी एक रकाना कारणाचा. माझ्या वहीत त्या रकान्यात "मागे आई, रोज" आहे, "चेन बदलली" आहे, "हायवे, समोरून वारा" आहे. जुलैमध्ये आकडा दरवर्षी चार-पाचनं खाली येतो: रस्ता ओला, गाडी थंड, चेनचं ऑइल दोन दिवसांत धुऊन जातं, खड्डे चुकवत सारखा गिअर बदलावा लागतो. तेव्हा हवा आणि चेन तेवढी बघतो, रकान्यात "पाऊस" लिहितो आणि पाना दसऱ्यापर्यंत डिकीतच राहू देतो.